केपूची सहावी

मातालेले गावात केपूएलीला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याला पूर्ण नावाने हाक मारणाराही कोणी नव्हता. लहानथोरांसाठी तो केपू. वावाऊ बेटावर टेकडीच्या उतारावर त्याचा मळा होता. तिथे तो कोनफळं, अळकुड्या आणि ज्याच्या मुळ्यांचं सुस्ती आणणारं पेय करतात तो कावा लावायचा. शनिवारी सगळा माल जुनाट पिक-अपमध्ये भरून नेइआफूच्या बाजारात न्यायचा आणि रविवारी चर्चमध्ये इतक्या खालच्या पट्टीत गायचा, की पुढच्या बाकावर बसलेल्या बायकांना म्हणे पाठीत गुदगुल्या व्हायच्या. संध्याकाळी कावाच्या बैठकीला तो हजर नसला, तर नक्की आजारी असणार असं लोक धरून चालत.

घराचा कारभार त्याने आणि बायकोने केव्हाच वाटून घेतला होता. मळा, गाडी आणि डुकरं केपूकडे. घर, चर्चची वर्गणी, नातेवाइकांचे रुसवेफुगवे आणि मुलींची शाळा हे सगळं लोसालीनेकडे. शाळेत पालकांची सभा असली की लोसालीने मानाच्या ठिकाणी जाताना गुंडाळतात तशी कमरेला चांगली चटई गुंडाळून, केसांना खोबरेल लावून निघायची आणि केपू तिला पिक-अपने फाटकापर्यंत सोडायचा. फाटकाच्या आत पाऊल टाकायची त्याच्यावर कधी वेळ आली नव्हती. स्वतःची शाळा संपली तेव्हा तो त्याच फाटकातून जो बाहेर पडला, त्याने परत मागे वळून पाहिलंच नव्हतं.

थोरली सेइनी अभ्यासात हुशार होती. निदान गावात तसा बोलबाला होता. तिचा घरचा अभ्यास रोज पूर्ण, अक्षर मोत्यासारखं, गणितं बिनचूक. वर्गातल्या चाचणीत मात्र तिला का कोण जाणे बेताचेच मार्क पडायचे. "बाई मार्क द्यायला हात आखडतात," असं लोसालीने म्हणायची आणि केपूला ते पटायचं. त्या बाई म्हणजे उंगातेआ. केपूची जुनी वर्गमैत्रीण. लहानपणी खेळात गोट्या द्यायलासुद्धा ती हात आखडायची.

सेइनी सहावीत गेली त्या वर्षी लोसालीनेचं ऑस्ट्रेलियाला जायचं ठरलं. क्वीन्सलँडात टोमॅटो तोडायला गावातल्या बऱ्याच बायका हंगामापुरत्या जात. छप्पर बदलायचं होतं, आणि मुलीने राजधानीतल्या मोठ्या हायस्कुलात जावं अशी लोसालीनेची फार इच्छा होती. सहावीच्या परीक्षेत वर नंबर आला तरच तिथे प्रवेश मिळतो. विमानतळावर तिने सगळ्यांना एकेक करून कुशीत घेतलं आणि शेवटी केपूला बाजूला ओढलं.

"डुकरांना वेळेवर खायला घाल. धाकट्या लावीच्या कानात औषध सोड. आणि सेइनीच्या अभ्यासाकडे बघ."

"बघायचं म्हणजे काय करायचं?"

"बसायचं तिच्याजवळ," लोसालीने म्हणाली आणि पटकन आत गेली.

स्वयंपाकाची अडचण नव्हती. शेजारच्या घरातून केपूच्या सासूबाई डबे पाठवायच्या. लावी दुसरीत होती आणि तिचा अभ्यास म्हणजे मुख्यतः पेन्सिल हरवणं आणि शोधणं. राहिली सेइनी. केपू रोज विचारायचा, "झाला का अभ्यास?" सेइनी म्हणायची, "झाला." की हा गडी कावा प्यायला मोकळा.

महिनाही झाला नसेल, उंगातेआबाईंनी त्याला शाळेत बोलावून घेतलं. केपूने कमरेला चटई बांधली, उलटी बांधली म्हणून सासूबाईंनी ती सोडून परत बांधायला लावली, आणि तो शाळेत जाऊन लहान मुलांच्या बाकावर कसाबसा मावला.

"सेइनीचा घरचा अभ्यास येत नाहीये," बाई म्हणाल्या.

"आई गेली ना. मन लागत नसेल पोरीचं."

"मन लागतंय. खेळात पहिली आहे, गाण्यात पहिली आहे. केपू, तुला खरंच ठाऊक नाही का?"

"काय?"

"गेल्या वर्षी पाचवी पास झाली ती लोसालीने. चांगल्या मार्कांनी. सेइनीची अजून राहिली आहे."

केपूला आधी हसू आलं आणि मग ते ओठांवरच थांबलं. त्याच्या डोळ्यांसमोर संध्याकाळचं घर उभं राहिलं. दिव्याखाली पालथी पडून लिहिणारी लोसालीने, आणि शेजारी लावीच्या केसांच्या वेण्या घालत बसलेली सेइनी. हे चित्र त्याने रोज पाहिलं होतं. त्याला वाटायचं, आई तपासते आहे.

"मग तू तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलले. तिने मला एक चटई आणून दिली आणि विषय बदलला."

"तू घेतलीस?"

"चांगली होती," उंगातेआबाई म्हणाल्या. "माझीही चूक झाली. पण आता परीक्षेला लोसालीनेला बसवता येणार नाही."

घरी येऊन केपूने मुलीला समोर बसवलं. रागावायचं ठरवूनच आला होता, पण रागावायला सुरुवात कुठून करतात हे त्याला आठवेना. एरवी ते कामही लोसालीनेच करायची.

"तुला येत नाही का गं गणित?"

"माहीत नाही," सेइनी म्हणाली.

"माहीत नाही म्हणजे?"

"मी कधी करून बघितलंच नाही, बाबा. मी सुरू केलं की आई म्हणायची, दे इकडे, मी दाखवते. मग दाखवता दाखवता सगळंच व्हायचं." तिने मान खाली घातली. "चाचणीला बसले की पोटात दुखतं माझ्या."

हे शेवटचं वाक्य केपूला फार लागलं. चाचणीच्या दिवशी पोर न खाता जायची ते त्याने पाहिलं होतं, आणि उरलेली भाकरी आनंदाने संपवली होती.

आता बाप म्हणून काहीतरी करायला हवं. केपूला जे येत होतं ते त्याने केलं. एक कोवळं डुकराचं पिल्लू खरपूस भाजलं, केळीच्या पानात गुंडाळलं आणि बाईंच्या घरी नेऊन दिलं. बाईंनी आभार मानले, पान उघडून वास घेतला, नवऱ्याला हाक मारली. मग केपूला म्हणाल्या, "डुक्कर मी खाईन. तू उद्यापासून अभ्यासवर्गाला ये."

सहावीच्या मुलांचा अभ्यासवर्ग रोज संध्याकाळी शाळेच्या दालनात भरायचा. पालकांनी आळीपाळीने खायला आणायचं आणि मुलांवर लक्ष ठेवायचं, अशी रीत होती. पालक म्हणजे अर्थात आया. पहिल्या संध्याकाळी केपू भाजलेल्या कोनफळांची टोपली घेऊन गेला, मागच्या भिंतीला टेकून बसला आणि दिवसभर मळ्यात कुदळ मारलेली असल्यामुळे पाचच मिनिटांत झोपला. त्याचं घोरणं त्याच्या गाण्याच्याच पट्टीत होतं. पोरांनी बराच वेळ तोंडं दाबून धरली, शेवटी सगळं दालन खिदळलं. बाईंनी येऊन त्याच्या मांडीवर सेइनीचं पुस्तक ठेवलं.

"झोपायला मी बोलावलं नव्हतं. तिला विचार, काय करते आहे ते. समजावून सांगायला लाव."

"मला कुठे काय कळतंय त्यातलं?"

"तेच तर बरं आहे," बाई म्हणाल्या. "तुला कळत नाही, त्यामुळे तू तिचं काम करून टाकणार नाहीस."

केपू सेइनीशेजारी जाऊन बसला. गणित इंग्रजीत होतं, म्हणून आधी तिला ते आपल्या बोलीत सांगावं लागलं. एक डुक्कर आठ माणसांत सारखं वाटलं, तर प्रत्येकाला किती मिळेल?

"कोण आठ माणसं?" केपूने विचारलं.

"कोणीही. आठ माणसं."

"कोणीही कसं? त्यात पाद्री आहेत का? सरदारांच्या घरचं कोणी आहे का?"

"नाही, बाबा. साधी माणसं."

"तरी त्यांच्यात कुणाची तरी आत्या असेलच ना? आत्याला आणि पोराटोरांना सारखाच वाटा? असं डुक्कर वाटलं तर मारामाऱ्या होतील."

"बाबा, गणितात सगळे सारखे असतात."

"हे कुठल्या चर्चचे लोक आहेत?" केपूने अगदी मनापासून विचारलं.

सेइनीला हसू आवरेना. पण बापाला पटवायचं तर होतंच. तिने चटईवर खडूने एक डुक्कर काढलं, त्याचे दोन भाग केले, मग चार, मग आठ. केपू म्हणाला, "डोक्याकडचा भाग लहान आहे." तिने डुक्कर पुसून भाकरी काढली. भाकरीबद्दल त्याला काही हरकत नव्हती. आठातला एक, आठातले दोन, आणि आठातले दोन म्हणजे चारातला एक कसा, हे ती सांगत गेली आणि मध्येच थांबली.

"काय झालं?"

"मला आलं, बाबा," ती म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं होतं.

त्या संध्याकाळी केपू कावाच्या बैठकीला उशिरा पोचला. मानासे नावाचा त्याचा दोस्त वाटीत कावा ओतत होता. "आला बघा. केपू सहावीत गेला म्हणे," तो म्हणाला. "पास होशील का रे या खेपेला?"

"तू सांग. एक डुक्कर, आठ माणसं, सारखे वाटे."

"कोण आठ माणसं?" मानासेने विचारलं.

झालं. बैठक त्या आठ माणसांवरच रंगली. एकाचं म्हणणं, डुक्कर मुळात लहान होतं. दुसरा म्हणाला, पुस्तक न्यूझीलंडमध्ये छापलं असणार, तिकडे आत्यांना मान नसतो. गाणीसुद्धा राहिली त्या दिवशी. आणि पुढच्या आठवड्यात अभ्यासवर्गाला मानासे दिसला. त्याचा पुतण्या सहावीत होता. "मी सहज आलो," तो म्हणाला, आणि पुतण्याला म्हणाला, "ते डुकराचं काय आहे ते सांग बघू मला." मग आणखी दोन बाप आले. आया आल्या की तोंडाला पदर लावल्यासारखं पंखे धरून हसायच्या, पण जागा करून द्यायच्या.

केपूची अशी गाडी रुळावर येत असताना एकदा तो मळ्यातून लवकर परतला, तर घरात लोसालीनेचा आवाज. टेबलावर बीफच्या डब्याला फोन टेकवून ठेवलेला. फोनमध्ये टोमॅटोच्या मळ्यातून नुकतीच आलेली, हातपायही न धुतलेली लोसालीने. समोर सेइनी खाली मान घालून लिहिते आहे.

"आता लिही, म्हणून झाडांना सूर्यप्रकाश लागतो. लिहिलंस? दाखव. अक्षर नीट काढ."

सेइनीचा चेहरा पाहून केपूला चाचणीच्या सकाळची आठवण झाली. त्याने फोन उचलला. बायकोला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. लग्नात होकार दिला होता, तोच तेव्हापासून चालत आला होता.

"लोसालीने, तिला सांगू नकोस."

"काय सांगू नको?"

"उत्तरं. तिचं तिला लिहू दे."

"परीक्षा जवळ आली आहे, केपू. चुकलं तर?"

"चुकू दे."

"मी इथे कंबर मोडून टोमॅटो तोडते ते पोरीने चुकावं म्हणून?"

"मला तसं म्हणायचं नव्हतं. पण तिला येतंय आता. थोडं थोडं. तू सांगितलंस की तिचं जातं."

फोन बंद झाला. सेइनी बापाकडे बघत राहिली आणि बाप फोनकडे.

त्यानंतर लोसालीनेने त्याच्याशी अबोला धरला. फोन यायचा, पण सासूबाईंना. निरोप यायचे तेही सासूबाईंमार्फत. "ती विचारते, छपराचे पत्रे बघून आलास का." "तिला सांगा, आलो." लावी हे निरोप इकडून तिकडे पोचवता पोचवता स्वतःची भर घालायची, त्यामुळे एकदा केपूने डुक्कर विकलं आणि सासूबाईंना दवाखान्यात नेलं, अशी बातमी क्वीन्सलँडला पोचली. ती खरी आहे का, हे विचारायला म्हणून एका रविवारी, चर्चनंतर, लोसालीनेने सरळ केपूला फोन केला. डुक्कर कुंपणात आणि सासूबाई जेवायला बसलेल्या, असं कळल्यावर बोलायला काही उरलं नाही. तरी तिने फोन ठेवला नाही.

"मी तिचा अभ्यास करायची ते तुला उंगातेआने सांगितलं ना," ती म्हणाली.

"हो."

"मला माहीत होतं ते बरोबर नाही. रोज ठरवायची, आज नुसतं बघायचं. पण पुस्तक उघडलं की राहवायचं नाही. मला शाळेतून काढलं तेव्हा मावशीच्या लग्नाच्या चटया विणायच्या होत्या. दोन महिन्यांसाठी म्हणून काढलं. मग परत कोणी पाठवलंच नाही. सेइनीच्या वहीवर दहापैकी दहा आले ना, केपू, तर मी रात्री परत उघडून बघायची. ते माझे होते."

केपू बाहेर पायरीवर बसला होता. त्याला या बाईचं सगळं माहीत होतं असं त्याला वाटत होतं. तिला कुठला मासा आवडतो, कुठल्या नणंदेचा राग आहे, कुठलं गाणं म्हणताना डोळे भरतात. हे माहीत नव्हतं.

"तुला शिकायचं होतं," तो म्हणाला.

"होतं ना."

"मग अजून शीक की."

"चिडवू नकोस मला."

"चिडवत नाही. मी सहावीत बसतो रोज. मानासे बसतो. त्याला तर चारातला एकही अजून कळलेला नाही."

लोसालीने हसली. मग रडली, मग पुन्हा म्हणाली की पत्रे हिरवे नकोत, लाल घे.

तिच्या वस्तीजवळच्या चर्चमध्ये मळ्यावरच्या कामगारांसाठी शनिवारी इंग्रजीचा वर्ग चालायचा. तिथे ती जायला लागली. त्या वर्गालाही घरचा अभ्यास होता. एका संध्याकाळी फोन आला तो थेट सेइनीला.

"हे वाक्य भूतकाळात कसं करायचं गं? पटकन सांग, मला अंघोळीला नंबर लावायचा आहे."

"मी नाही सांगणार," सेइनी म्हणाली. "तू आधी करून बघ. मग मला समजावून सांग."

केपूने चहाचा कप तोंडासमोर धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

परीक्षा झाली. सेइनी त्या सकाळी दोन भाकऱ्या खाऊन गेली आणि परत येऊन म्हणाली की एक गणित चुकलं असणार, पण कुठे चुकलं ते तिला ठाऊक आहे. उंगातेआबाईंना हे सांगितल्यावर त्या केपूला म्हणाल्या, "निकाल काहीही लागू दे. हे वाक्य मला गेल्या वर्षी ऐकायला मिळालं नसतं."

निकाल लागला तेव्हा लोसालीने परत आली होती; उन्हाने काळवंडलेली, हात खरबरीत, आणि बोलता बोलता मध्येच एखादं इंग्रजी वाक्य टाकणारी. सेइनीचा नंबर राजधानीतल्या हायस्कुलात लागला नाही. थोडक्यात हुकला असंही नाही, बराच हुकला. नेइआफूच्या हायस्कुलात मात्र तिला सहज जागा मिळाली. लोसालीनेने दिवसभर चटया उन्हात टाकल्या, परत आणल्या, परत टाकल्या. संध्याकाळी ती केपूशेजारी येऊन बसली.

"मी घरी असते तर तिचा नंबर लागला असता का रे?"

केपूने विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं, पण ते दोघांनाही कळलं असतं.

"घरच्या अभ्यासात लागला असता," तो म्हणाला.

लोसालीनेने त्याच्या दंडावर एक चापट मारली, पण फार जोरात नाही. मग आत जाऊन तिने सेइनीला विचारलं, नेइआफूच्या शाळेला गणवेश कुठल्या रंगाचा असतो, आणि दोघी कापडावरून बोलत बसल्या. केपूने डुक्कर भाजलं. ज्यांच्या मुलांचा राजधानीत नंबर लागला होता त्यांच्याकडेही भाजलं होतं, पण गर्दी केपूच्या अंगणात जास्त होती.

नव्या वर्षी सेइनी सकाळच्या बसने हायस्कुलात जायला लागली. तिथे ती वर्गात मधल्या रांगेत होती, आणि पुढच्या चाचणीत थोडी पुढे सरकली. तिच्या अभ्यासाला आता कोणी लागत नसे. पण शुक्रवारी जेवणानंतर ती आपणहून बापाला नवीन काय शिकली ते सांगायची, आणि बाप नेमके असे प्रश्न विचारायचा की तिला पुन्हा पुस्तक उघडावं लागायचं. केपूला शाळेच्या पालकसभेवर घेतलं. सभेत तो फारसं बोलत नाही. पण नवा कुणी बाप फाटकाबाहेरच गाडी लावून थांबलेला दिसला, तर खाली उतरवून आत आणायचं काम त्याच्याकडे असतं.

लावी तिसरीत गेली. पेन्सिल आता सापडायची, पण वजाबाकी हातचा घेऊन करायची झाली की गडबड व्हायची. त्या संध्याकाळी ती दिव्याखाली लिहायला बसली. एका बाजूला केपू, एका बाजूला लोसालीने. बावन्नातून अठरा. लावीने दोन वर्तुळं काढली, खोडली, पेन्सिलचं टोक चावलं. लोसालीने पुढे झुकली, ओठ हलले, मग मागे झाली. केपूने तिच्याकडे पाहिलं. ती चटईवर सरळ बसली होती आणि तिने स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून धरले होते.

"आई, हे बरोबर आहे का?" लावीने विचारलं.

"मला नाही माहीत," लोसालीने म्हणाली. "तू कसं केलंस ते सांग."